उत्तरेच्या पावसात धरलेला हात

आमच्या घरातल्या कुठल्याही डब्यावर जे छापलेलं असतं ते आत कधीच नसतं. आइस्क्रीमच्या डब्यात मटार, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सुया-दोरे, आणि क्वार्कच्या पांढऱ्या डब्यांत तर काय वाट्टेल ते. क्वार्क म्हणजे इथला चक्का म्हणा ना. जर्मनीत येऊन आठ वर्षं झाली होती, पण रिकामा डबा हातात आला आणि मी तो धुऊन ठेवला नाही असं एकदाही झालं नाही. वर या सवयीचं मला स्वतःलाच कौतुक! त्याच सवयीपायी मी माझ्या सासूबाईंना मरणाच्या दारात नेऊन बसवलं, हे आधीच कबूल करून टाकते. पुढे जे घडलं ते देवाने केलं की योगायोगाने, यावर वाद घालायला मी बसलेले नाही. जसं झालं तसं लिहिते आहे.

आम्ही तेव्हा इंगोलश्टाटला राहत होतो. नवरा, मंदार, तिथल्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनीअर आणि मी गाड्यांचे सेन्सर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत. माझं काम मोजमाप तपासण्याचं. दाखवलेला आकडा आणि खरा आकडा यांत फरक किती, हे दिवसभर बघत बसायचं. त्यामुळे मोजता येतं तेवढंच खरं, असा माझा एक ताठा होता. त्या उन्हाळ्यात मंदारच्या आई तीन महिन्यांसाठी आल्या. आई मूळच्या नरसोबाच्या वाडीजवळच्या, म्हणजे दत्तमहाराज रक्तातच. गुरुवारचा उपास, सकाळ-संध्याकाळ दिगंबराचा जप, आणि कोणी काही विचारलं की “महाराज बघून घेतील.” हे वाक्य ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची. महाराज बघतील तर बघोत, पण इन्सुलिन दिवसातून दोनदा मीच टोचते ना, असं मनात यायचं. एकदा बोलूनही दाखवलं. आई नुसत्या हसल्या.

मंदारच्या ऑफिसातल्या एका मित्राचं स्वीडनच्या अगदी उत्तरेला, तळ्याकाठी लाकडी घर होतं. आठवडाभर राहा म्हणाला. विमानाने जाण्यापेक्षा गाडीने जाऊ, रस्ताच बघण्यासारखा आहे, असं मंदारने ठरवलं आणि आई आमच्या आधी तयार! त्या वयातही प्रवास म्हटला की त्यांच्या अंगात बारा हत्तींचं बळ यायचं. रोस्टॉकहून बोटीत गाडी घातली, पलीकडे उतरलो आणि वर वर जात राहिलो. दुसऱ्या दिवसापासून पाऊस लागला. आपल्याकडे कोसळतो आणि मोकळा होतो तसा नाही. थंड, बारीक, न थांबणारा. दोन्ही बाजूंना पाइन आणि बर्चची झाडं, मध्येच दलदल, मध्येच तळं, पुन्हा झाडं. तासन्‌तास माणूस दिसायचं नाही. आई खिडकीला नाक लावून बसायच्या आणि म्हणायच्या, “काय गं ही माया, एवढं रान आणि त्याला राखणदार कोणी नाही.” त्यांना जरा खोकला झाला होता. मी दुर्लक्ष केलं.

बुधवारी रात्री आम्ही एका कॅम्पिंगवरच्या लाकडी खोलीत उतरलो. तिथल्या फ्रिजमध्ये माझे क्वार्कचे दोन डबे ठेवले. एकात घरून केलेलं श्रीखंड, दुसऱ्यात रुमालात गुंडाळलेल्या आईंच्या इन्सुलिनच्या बाटल्या. पुण्याहून आणलेलं इन्सुलिन ते, बाटलीतून सिरिंजने ओढून घ्यायचं. गुरुवारी सकाळी पावसात सामान गाडीत टाकण्याची घाई, मंदार हॉर्न वाजवतोय, मी फ्रिज उघडला, हाताला लागला तो डबा उचलला आणि थंड पेटीत कोंबला. दुसरा डबा आधीच पेटीत गेला अशी माझी पक्की समजूत. झालं!

उपासाच्या दिवशी आई सकाळचं इंजेक्शन दुपारी फराळाआधी घ्यायच्या. इथल्या डॉक्टरीणबाईंनी त्यावर डोळे वटारले होते, पण गुरुवारच्या बाबतीत आई कुणाच्या बापाला ऐकणाऱ्या नाहीत. त्यामुळे डबा उघडला तो थेट दुपारी, तेही भलत्याच ठिकाणी. दोन मोठ्या रस्त्यांना जोडणारा साठ-सत्तर किलोमीटरचा खडीचा जंगलातला रस्ता मंदारने नकाशात शोधून काढला होता. गाडीतल्या नेव्हिगेशनमध्ये तो नव्हताच. पडद्यावर आमची गाडी नुसती हिरव्या रंगात उभी दिसत होती. मी सिरिंज काढली, कापूस काढला, झाकण उघडलं. आत केशर-वेलदोड्याचं पिवळंधमक श्रीखंड! मी डोक्याला हात लावला. मंदार एरवी आवाज चढवत नाही, त्या दिवशी ओरडला. मीही ओरडले. आई मागून म्हणाल्या, “भांडू नका रे, एक वेळ चुकली म्हणून काही होत नाही.”

गाडी वळवली. तासाभरापूर्वी जो सखल भाग आम्ही चाकं भिजवून पार केला होता तिथे आता ओढा वाहत होता, गुडघ्याच्या वर. मंदार काठी घेऊन आत शिरला आणि चार पावलांत परत आला. मग उलट पुढे निघालो. वीसेक किलोमीटरवर रस्त्याखालची मोरीच वाहून गेलेली, वर आडवं पडलेलं झाड. माणूस कडेने चढून पलीकडे जाईल, गाडी नाही. फोनला रेंजची एक काडी नव्हती. रस्त्याचा तेवढा तुकडा म्हणजे दोन पाण्यांमधलं बेट झालं आणि त्यावर आम्ही तिघं. त्यातही आईंचं सुरूच. “वाडीला नदी चढून पादुकांवरून पाणी गेलं की आम्ही स्नानाला धावत जायचो. पाणी आलं म्हणजे वाईटच असं कुठं आहे?” उन्हाळ्यात तिकडे अंधार पडतच नाही, त्यामुळे ती रात्र आहे हेसुद्धा घड्याळानेच सांगितलं. आईंनी दोन उकडलेले बटाटे खाल्ले. त्यानंतर गाडीत उरलं होतं ते श्रीखंड, म्हणजे नेमकं त्यांना विष.

शुक्रवारी सकाळी आईंना ताप होता. तीन इंजेक्शनं चुकलेली. सारखं पाणी मागत होत्या आणि दिलं की उलटी होत होती. बोलणं जड झालं. मला त्यांनी माझ्या नणंदेच्या नावाने हाक मारली. मंदारने माझ्याकडे बघितलं, रेनकोट चढवला आणि झाडावरून पलीकडे उतरून चालू पडला. मोठा रस्ता पुढे किती लांब आहे हे त्यालाही नीट ठाऊक नव्हतं. तो वळणाआड गेला आणि मी एकटी उरले, मागच्या सीटवर आईंचं डोकं मांडीवर घेऊन. त्यांचा श्वास जोरजोरात चालला होता. मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं की या बाईचा जीव माझ्या विसरभोळेपणामुळे जाणार आहे आणि मी मोजत बसण्यापलीकडे काही करू शकत नाही. श्वास मोजले. नाडी मोजली. आकडे वाढतच होते.

मग मी देवाशी भांडले. प्रार्थना केली असं लिहिणं शोभून दिसेल, पण खोटं होईल. मी मोठ्याने म्हटलं, “हिने जन्मभर तुमचे गुरुवार केले. काल पोटात अन्न नसताना तुमचं नाव घेत होती. आणि तुम्ही तिला असं या रानात टाकता? लाज कशी वाटत नाही?” रडले, सीटवर मुठी आपटल्या. एवढं बोलून झाल्यावर बोलण्यासारखं काही राहिलंच नाही. मग अगदी हळू म्हटलं की चूक माझी आहे, माझ्याच्याने आता काही होत नाही, तुम्ही बघा. आईंचंच वाक्य माझ्या तोंडून निघालं, ज्याच्यावर मी नाक मुरडत आले होते. आकाश उघडलं नाही की काही नाही. पाऊस होता तसाच पडत राहिला. मी फक्त नाडी मोजणं थांबवलं आणि त्यांच्या केसांवरून हात फिरवत बसले.

किती वेळ गेला माहीत नाही, मी घड्याळ बघितलं नाही. मागून घरघर ऐकू आली. काल आम्हाला ज्याने अडवलं त्या पाण्याच्या बाजूनेच एक लालभडक उंच ट्रक येत होता. जुना अग्निशमन दलाचा ट्रक, त्याचं फिरतं घर केलेलं, चाकं माझ्या छातीला लागतील एवढी. मी धावत रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. दारावर कुत्री भुंकायला लागली आणि खिडकीतून एक पांढऱ्या केसांची बाई वाकून चक्क आमच्याकडच्या बव्हेरियन जर्मनमध्ये ओरडली, “अहो, इंगोलश्टाटची नंबरपाटी! आम्ही रेगेन्सबर्गचे!” आमच्या घरापासून तासाभरावरचे लोक, जगाच्या त्या टोकाला. मला हसू की रडू कळेना. मी एका दमात सांगितलं: सासू, मधुमेह, इन्सुलिन मागे राहिलं, तीन वेळा चुकलं, उलट्या. तिचा चेहरा पालटला. मागे वळून तिने नवऱ्याला एक शब्द टाकला आणि खाली उडी मारली. साठी ओलांडलेली बाई, पण उडी अशी की मी बघतच राहिले.

फ्राऊ हुबर, म्हणजे हुबरबाई, तिचं नाव. नवऱ्याला मधुमेह आणि ती स्वतः तीस वर्षं इस्पितळात परिचारिका, नुकतीच निवृत्त झालेली. आता यावर मी काय लिहू? ती आईंपाशी वाकली, डोळ्यांच्या पापण्या उचलून बघितल्या, जीभ बघितली आणि साखर तपासायचं यंत्र आणायला ट्रककडे पळाली. तेवढ्यात तिच्या नवऱ्याने ट्रकमधल्या फ्रिजमधून इन्सुलिनची एक नवीकोरी काचेची नळी माझ्या हातात ठेवली. मिश्रण तेच, आईंच्या बाटलीवर असायचं तेच. झालं तर! माझ्या पर्समध्ये सिरिंज होतीच. थोड्या वेळापूर्वी “तुम्ही बघा” म्हणणारी मी, हातात नळी येताच पुन्हा पहिल्यासारखी झाले. कुणाची वाट बघायची? चोवीस युनिट, रोजचीच मात्रा, मला झोपेतसुद्धा भरता येते. नळीत सुई खुपसली, चोवीसच्या रेघेपर्यंत ओढलं, बुडबुडा काढला. आईंनी ग्लानीतच, रोजच्या सवयीने, दंड पुढे केला. मी चिमटीत कातडी धरली.

“हाल्ट! थांब!”

माझं मनगट कुणीतरी असं आवळलं की सिरिंज खाली पडली. फ्राऊ हुबर धापा टाकत उभी होती, हात सोडेना. सिरिंजचं लाल टोपण सीटवर पडलं होतं, त्याच्याकडे तिने बोट दाखवलं. “ही चाळीसवाली आहे. आल्झो, म्हणजे चाळीसची सिरिंज. नळीतलं औषध शंभरचं आहे.” मला अर्थ लागायला दोन सेकंद गेले. आपल्याकडच्या बाटल्यांत एका मिलिलिटरला चाळीस युनिट असायची, आमच्या सिरिंजच्या रेघा त्या हिशोबाच्या. या नळीत तेवढ्याच पाण्यात शंभर. चोवीसच्या रेघेवर मी साठ युनिट भरली होती. अडीचपट. त्या अशक्त, उपाशी म्हातारीला. मी! जिची रोजीरोटी एककं तपासण्यावर चालते ती मी! साखर आधी उतरली असती, आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला असता, आणि ती उतरतच गेली असती.

फ्राऊ हुबर रागावली नाही. म्हणाली, तिच्या उमेदीच्या काळात जर्मनीतही चाळीसचंच चालायचं, मग काही वर्षं दोन्ही एकत्र, आणि त्या काळात टोपणाकडे बघायची सवय तिच्या हाडीमाशी भिनली. हल्लीच्या मुलींना कळलंसुद्धा नसतं. मग तिने यंत्रावर रक्ताचा थेंब घेतला. आकडा आलाच नाही, यंत्राच्या मोजण्यापलीकडे साखर गेली होती. तिने तिच्या हाताने, इन्सुलिन टोचायच्या तिच्या नव्या पेनने, तिच्या अंदाजाने मात्रा दिली, माझ्या चोवीसपेक्षा बरीच कमी. किती देतेय ते मला मोठ्याने वाचायला लावलं. “वॉर्डात आमचा नियम होता, चार डोळ्यांनी बघायचं,” म्हणाली. मग चमच्या-चमच्याने मीठ घातलेलं पाणी. एक चमचा, थांब. एक चमचा, थांब. मी पेला धरून बसले. जे सांगेल ते करत होते, आणि खरं सांगते, आयुष्यात इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

दीडेक तासाने मंदार परत आला, चिंब, पाय सोललेले, हात हलवत. फोन लागला नव्हता. त्याने लांबूनच लाल ट्रक बघितला आणि पळायला लागला. आई तेव्हा ट्रकच्या आतल्या पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या, पायाशी कुत्री. त्याला बघून म्हणाल्या, “रेनकोट काढ आधी, गादी भिजेल लोकांची.” मंदार तिथेच दारात हमसाहमशी रडला. माझ्या नवऱ्याला मी तोवर रडताना पाहिलं नव्हतं.

आमची गाडी तिथेच कुलूप लावून ठेवली आणि ट्रक पुन्हा त्या पाण्यात घातला. काय सांगू तो थाट! दोन्ही बाजूंना पाण्याचे पंखे उडताहेत, हेर हुबर, म्हणजे तिचे यजमान, स्टिअरिंगवर ओणवे होऊन गाणं गुणगुणताहेत, कुत्री भुंकताहेत आणि आमच्या आई, दोन तासांपूर्वी मला ओळखत नव्हत्या त्या आई, खिडकीतून त्या गढूळ पाण्याला दोन्ही हात जोडून जप करताहेत, खणखणीत आवाजात. पलीकडच्या काठावर चाकं लागली तेव्हा आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हेर हुबरांनी विजयी वीरासारखा तीनदा हॉर्न वाजवला. ऐंशी किलोमीटरवर एका लहानशा गावात आरोग्यकेंद्र होतं. तिथून पुढे मोठ्या इस्पितळात न्यायला हेलिकॉप्टरची गरज पडली नाही. सलाइन लागलं, तापाचं औषध सुरू झालं, आणि संध्याकाळी यंत्रावर पहिल्यांदा खराखुरा आकडा उमटला. तिथल्या डॉक्टरांनी फ्राऊ हुबरशी हात मिळवून तिला काहीतरी म्हटलं. मला तेवढंच कळलं की आणखी अर्धा दिवस गेला असता तर अवघड होतं.

ते दोघं त्या रस्त्यावर कसे आले, हे मी त्यांना नंतर विचारलं. फ्राऊ हुबर हसत सुटली. त्यांना समुद्राकडे जायचं होतं. हेर हुबरांनी सकाळी नकाशा उलटा धरला, चुकीचा फाटा घेतला, आणि मागे फिरायला तयार होईनात म्हणून दोघांत कडाक्याचं भांडण चाललं होतं. “गेनाऊ, अगदी बरोबर,” हेर हुबर म्हणाले, “आयुष्यात पहिल्यांदा माझं खरं निघालं.” आईंना मी हे मराठीत सांगितलं. त्यांनी मान डोलावली, जणू त्यांना आधीच माहीत होतं. त्या आजही सगळ्यांना सांगतात की ट्रकमध्ये चार कुत्री होती, दत्तमहाराजांच्या पायाशी असतात तशी. कुत्री तीन होती. मी मोजली आहेत. पण आता मी त्यांना दुरुस्त करत नाही. आणि चार डोळ्यांचा नियम सांगितला तेव्हा म्हणाल्या, “चारच कसे? आमच्या महाराजांना तीन मुखं, सहा डोळे. ते बघतात म्हणजे काय गंमत आहे?”

मी नंतर खूप विचार केला. त्या दिवशी ट्रक येणं ही मोठी कृपा, असं सगळे म्हणतात. मला ती दुसरी जास्त मोठी वाटते. मदत दाराशी आली आणि मी लगेच ती स्वतःच्या हातात घेऊन स्वतःच्या घमेंडीने वापरायला निघाले. सगळं तुमच्यावर सोपवते असं म्हणणं सोपं, वेळ निभावली की आपण ते परत हिसकावून घेतो. माझ्यासारख्या बाईला एकदा वाचवून भागत नाही. हात धरून थांबवावं लागतं.

केंद्रात तिसऱ्या दिवशी आईंना घरी, म्हणजे पुढच्या प्रवासाला, सोडणार होते. हो, पुढच्याच. मंदारने परत फिरायचं नुसतं नाव काढलं तर आईंनी त्याला असं झापलं की परिचारिका डोकावून गेली. पाणी ओसरल्यावर संध्याकाळी मंदार त्या रस्त्यावरून आमची गाडी आणायला गेला आणि मी आईंपाशी एकटीच होते. मनातलं आत राहवेना. मी त्यांचा हात धरला आणि सांगून टाकलं. “आई, त्या दिवशी मी तुम्हाला साठ युनिट देणार होते. तिने माझा हात धरला म्हणून. नाहीतर माझ्याच हाताने...”

“माहीत आहे मला,” आई म्हणाल्या. “ती केवढ्यांदा ओरडली! मेलेलं माणूस जागं होईल.”

“मग इतके दिवस बोलला कशा नाहीत? मला वाटेल ते बोलायला हवं होतं तुम्ही.”

“अगं, काय बोलू? रोज दोनदा तुझ्यासमोर हात धरते तो काय तुझ्या हिशोबावर विश्वास ठेवून? तुझ्यावर ठेवून. तू चुकलीस तर बघणारा बघतोच आहे.” एवढं बोलून त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

तेवढ्यात परिचारिका इंजेक्शनचं तबक घेऊन आली. आईंनी तिला थांबवून माझ्याकडे बोट दाखवलं. मी नको नको म्हणत होते. शेवटी मी मात्रा भरली, ती परिचारिकेसमोर धरली, तिने वाचून मान हलवली. मी वळले. आईंनी डोळे मिटले होते आणि बाही आधीच खांद्यापर्यंत वर केली होती.